लाल ती कोंबडी

वैशाख अर्धा सरला की माहुलीच्या बाजूच्या बाया शहापूरच्या बाजारात करवंदे घेऊन उतरतात. पाटीवर पळसाची पाने झाकलेली, पानांखाली काळीभोर करवंदे आणि शेजारी द्रोणांची चळत. बोलताना या बायांचे ओठ एकमेकांना जरासे चिकटतात, कारण वाटभर त्यांनी आपल्याच पाटीतली करवंदे खाल्लेली असतात आणि करवंदाचा चीक काही केल्या सुटत नाही. मी शाळामास्तर. सुट्टीत मला कामधंदा नसतो. बाजाराच्या तोंडाशी चिंचेची सावली आहे, तिथे उभा राहून मी लोकांच्या पिशव्यांत डोकावतो. वय झाल्यावर एवढी मोकळीक माणसाला मिळते.

परवा तिथेच एक जोडपे बसले होते. किन्हवलीकडचे असावे, बोलण्यावरून वाटले. बरोबर तीनेक वर्षांची पोर, बापाच्या मांडीवर. बापाने द्रोणातले एक करवंद चिमटीत धरले आणि पोरीच्या नाकासमोर नाचवत विचारले, "सांग, कोंबडा का कोंबडी?" पोर म्हणाली, "कोंबडा!" बापाने करवंद अर्धे चावून तिला दाखवले आणि तिघेही हसत सुटली. ती जिंकली की हरली ते मला दिसले नाही, आणि तेच तर मला पाहायचे होते. पुढे होऊन विचारावे असे फार वाटले, की बाबांनो, तुमच्यात लाल कोण? पण भर बाजारात एका परक्या म्हाताऱ्याने असले काही विचारले तर लोक काय म्हणतील, म्हणून गप्प राहिलो. एक द्रोण घेतला आणि खोलीवर आलो.

हा खेळ कोणाला माहीत नसेल तर सांगतो. करवंदे बाहेरून सगळी सारखीच. आतून मात्र काही लालजर्द निघतात, काही पांढुरकी. एकाने करवंद धरून विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" दुसऱ्याने एक नाव घ्यायचे, मग करवंद फोडायचे. लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. मी घाटावरचा, जुन्नरकडचा. आमच्याकडे हे असेच होते, आणि सगळ्या जगात असेच असणार अशी माझी पक्की समजूत होती. कोंबड्याचा तुरा लाल, म्हणून लाल तो कोंबडा. यात शंका घ्यायला जागा कुठे आहे? पण जागा होती, आणि ती मला माझ्या मुलीने, वेणूने, दाखवली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. आज ती भिवंडीकडे सासरी आहे आणि सुखात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच जीव टांगणीला लावू नये. मला सांगायचे आहे ते फक्त एका वैशाखाचे.

तेव्हा मी डोळखांबच्या शाळेवर होतो. त्याआधी धसईला होतो आणि तिथेच माझी सोयरीक जुळली. सरू धसईची. भाताची शेते, गोठा, बाजारच्या दिवशी दारात सुटलेल्या गाड्या, असल्या भरल्या घरातली मुलगी डोळखांबच्या दोन खोल्यांत आली आणि तिने त्या भरून टाकल्या. दरवर्षी मे महिन्याची सुट्टी लागली की मी घाट चढून आईवडिलांकडे जायचा आणि ती वेणूला घेऊन माहेरी. मृग आला की दोघे परत. आमचा संसार पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा. उन्हाळा तिचा तिच्याकडे, माझा माझ्याकडे. याचे कधी काही वाटले नाही, कारण सगळ्याच मास्तरांचे असे असायचे. पुढे कधीतरी एखादा उन्हाळा एकत्र काढू, असेही कोणी म्हटले नव्हते. उन्हाळे येतच राहणार होते.

मग एका भादव्यात सरू हिवतापाने गेली.

तिची थोरली बहीण काशीताई. तिचे सासर धसईतच, चार घरे टाकून. नवरा सज्जन, भाताचा व्यापार, घरात काही उणे नाही आणि मूल नाही. नदीचे पाणी जरा उतरले तशी ती डोळखांबला आली, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वेणूचे केस विंचरत आमच्या ओटीवर बसली होती. केस विंचरता विंचरता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पोर माज्याकडं द्या, मास्तर. तुमी शाळा बगाल का पोर बगाल?"

मी म्हणालो, "एवढ्यात नको. पुढचा उन्हाळा जाऊ द्या. पावसाआधी सांगतो."

"शाईला पाणी यायच्या आत सांगा. मग गाडी उतरत नाय."

डोळखांबहून धसईला जायचे तर शाई नदी आडवी येते. ती भरली की पलीकडचे जग पलीकडेच राहते. म्हणजे वेणू माझी की काशीताईची, याला शाईच्या पाण्याची मुदत पडली. माझे आईवडील घाटावरून वेगळाच निरोप धाडत होते, की दुसरी कर. त्यावर मी उत्तरच दिले नाही. मला दुसरी नको होती. मला वेणू हवी होती. तिच्याखेरीज सरूचे म्हणावे असे त्या घरात काही चालते-बोलते उरले नव्हते.

हिवाळा कसाबसा गेला. मी शाळेत असताना शेजारची भागीबाय वेणूकडे बघायची. पोर शहाणी होती. रडायची नाही, हट्ट करायची नाही, आईचे नाव काढायची नाही. सांगितले तेवढे जेवायची. लोक म्हणायचे, किती गुणाची पोर! मला ते ऐकून धस्स व्हायचे. वर्गातले मूल इतके गप्प बसले की त्याला ताप आहे का बघावे, हे मला नोकरीने शिकवले होते.

तेव्हा मी मनाशी ठरवले, की या सुट्टीत घाट चढायचा नाही. इथेच राहायचे आणि पोरीला मजा करू द्यायची. ती माझ्यापाशी हसली, खेळली, तर काशीताईला तोंड वर करून सांगता येईल की पोर इथे आनंदात आहे. आता मजा हा विषय मला कधीच शिकवायला नव्हता. पण मास्तर कशाचेही वेळापत्रक करू शकतो. पहाटे मोहाची फुले, उजाडल्यावर करवंदे, उन्हे चढली की झाडाखाली चिंचोके, दुपारी झोप, संध्याकाळी नदीचे कोरडे पात्र. मी कंबर कसली.

पहिल्याच दिवशी भागीबायने वाटेत अडवले. तिच्या डोक्यावर हंडा होता, तरी हसून तिचा पदर ढळला.

"काय मास्तर, तुमी चाललाव करवंदांना? ना पोरीला पन नेता?"

"का? मास्तरांनी करवंदे खाऊ नयेत?"

"खावा की. पन धोतार संबाला. जाळी धोतार सोडत नाय."

जाळीने खरोखरच सोडले नाही. करवंदाची जाळी बाहेरून गरीब दिसते, हात आत गेला की तिचे काटे कळतात. माझे मनगट ओरबाडले, धोतराला खोच पडली आणि द्रोणात जेमतेम तळ झाकेल एवढी करवंदे जमली. वेणू शेजारी उभी राहून बघत होती. तिची बोटे बारीक, ती काट्यांमधून सहज आत जायची, पण मी सांगेपर्यंत तिने हात घातला नाही. सांगितल्यावर घातला आणि मला लाजवील इतकी करवंदे काढली. मग द्रोण माझ्यापुढे धरून विचारले, "आता काय करायचं?"

हे "आता काय करायचं" मला त्या दिवसांत फार ऐकावे लागले. मोहाची फुले वेचून झाली, आता काय करायचं? आंब्याची कोय घासून पिपाणी केली, वाजवून दाखवली, तिने एकदा फुंकली, आता काय करायचं? सावरीची बोंडे फुटून कापसाच्या म्हाताऱ्या रानभर उडत होत्या. माझ्या लहानपणी म्हातारी दिसली की आम्ही सारे उघड्या माळावर जीव खाऊन धावायचो. वेणूने एक धरली, नीट मुठीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघे मजा करत होतो खरे. म्हणजे मी करवत होतो आणि ती करत होती. लहान मुलांना घेऊन हिंडणारे आईबाप मी आता पाहतो तेव्हा मला ते लगेच ओळखू येते. मूल खेळत नसते, आईबापांना खेळवत असते. फार थकवा येतो त्याने, दोघांनाही.

तिला रानात काही ना काही सापडायचे. लहान मुलांची नजर जमिनीच्या जवळ असते, त्यांना आपल्यापेक्षा जास्त सापडते. शाईच्या पात्रातला गुळगुळीत पांढरा गोटा, मोराचे तुटके पीस, गुंजांची फुटलेली शेंग. सापडले की ती ते ओच्यात घ्यायची आणि घराकडे निघालो की तिची पावले भराभर पडायला लागायची. दाराशी आलो की उंबऱ्यावर ती थांबायची. आत बघायची. चूल, पाण्याचा माठ, दांडीवरची माझी धोतरे. मग वळून ती वस्तू माझ्या हातात द्यायची. मी तर ती सापडली तेव्हा शेजारीच उभा होतो, मला ती आधीच दाखवून झालेली. मी "वा वा" म्हणायचो. सापडलेल्या वस्तूची गंमत ती घरी कोणाला तरी दाखवण्यात असते, एवढी साधी गोष्ट मला त्या उंबऱ्यावर कळली. घरात थांबलेले माणूस लागते. दोघेच होतो आम्ही, आणि दोघेही बाहेरून आलेलो असायचो.

कोंबडा-कोंबडीचा खेळ मी अगदी दुसऱ्या दिवसापासून काढला होता. मीच करवंद धरायचो आणि विचारायचो. ती हळूच म्हणायची, "कोंबडी." फोडले तर लाल. मी म्हणायचो, "हरलीस! कोंबडा!" ती लाल फोडीकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि गप्प राहायची. पांढरे निघाले आणि ती "कोंबडी" म्हणाली असली, तर मी टाळ्या वाजवून म्हणायचो, "जिंकलीस!" तेव्हाही तिचा चेहरा तसाच. मला वाटे, पोरीला हरण्या-जिंकण्याचेसुद्धा काही राहिले नाही. मग मी उलट केले. म्हटले, "आता तू विचार." तिने विचारले. मी म्हणालो, "कोंबडा." तिने दातांनी करवंद उघडले, लाल निघाले, आणि ती अगदी पुटपुटल्यासारखी म्हणाली, "हरलाव."

"अगं, लाल आहे ना? मग मी जिंकलो. कोंबड्याचा तुरा कसला असतो? लाल. म्हणून लाल तो कोंबडा. कळलं?"

तिने मान हलवली. कळले, अशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा तुऱ्याचे उदाहरण दिले, करवंद पुढे करून फोड दाखवली, अगदी पहिलीच्या वर्गाला सांगावे तसे सांगितले. तिने पुन्हा मान हलवली. त्यानंतर मी करवंद पुढे केले की ती नुसतेच खाऊन टाकायची, नाव घ्यायचीच नाही. खेळ तिथेच संपला. मृग जवळ येत चालला होता, दुपारी डोंगरामागे ढग जमून पुन्हा विरून जात होते, आणि माझ्या मजेच्या वेळापत्रकातला एकही तास धड होत नव्हता.

एका सकाळी आम्ही जाळीपाशी बसलो होतो. ऊन कोवळे होते. कसे कोण जाणे, मी स्वतःशीच एक करवंद फोडले. इतके लाल करवंद मी क्वचित पाहिले असेल. मी सहज म्हणालो, "हा बघ, केवढा कोंबडा!"

वेणू एकदम म्हणाली, "कोंबडा नाय ती! कोंबडी हाय!"

मी दचकलो. त्या पोरीने इतक्या महिन्यांत आवाज चढवला नव्हता.

"कुंकू लावलंय तिनं. बगा ना. कोंबडा कुंकू लावील का? आय सांगं, कुंकवाची ती कोंबडी, बिनकुंकवाचा तो कोंबडा. लाल ती कोंबडी." आणि मग तिचा ओठ वाकडा झाला. "आयची कोंबडी लाल व्हती."

आणि ती रडली. भादव्यापासून साठलेले सगळे रडली. मी तिला पोटाशी धरून बसलो होतो. माझ्या सदऱ्याला करवंदाचे डाग पडले, ते पुढे कधी गेले नाहीत. तिला थोपटता थोपटता माझ्या मनात भलतेच चालले होते. सरूला जाऊन एवढे महिने झाले आणि आज मला तिची एक नवी गोष्ट कळली होती. ती उन्हाळ्यात धसईच्या माळावर पोरीला घेऊन बसत असेल, करवंद फोडून तिला सांगत असेल, बघ, हिने कुंकू लावलंय. किती बरोबर होते ते! आमच्या तुऱ्यापेक्षा कितीतरी बरोबर. मला आनंद झाला, अगदी खरा आनंद, आणि पाठोपाठ फार एकटे वाटले. आता ही गोष्ट कळली हे मी सांगणार कोणाला? जिला सांगायचे तीच नव्हती. मेलेले माणूस एकदाच जात नाही. त्याची एखादी न पाहिलेली लकब अशी समोर येते आणि ते पुन्हा नव्याने जाते.

त्या दिवसापासून मी तिच्या नियमाने खेळू लागलो. लाल ती कोंबडी. पण तीस वर्षांची जिभेची सवय, ती सारखी चुकायची. लाल निघाले की माझ्या तोंडून "कोंबडा" निघून जायचे आणि वेणू ओरडायची, "चुकलाव, बाबा! परत चुकलाव!" एकदा मी पांढऱ्या फोडीला इतक्या आत्मविश्वासाने कोंबडी म्हटले की ती हसली. नुसती हसली नाही, पोट धरून जमिनीवर लोळली. भागीबाय वाटेने जात होती, ती थांबून बघतच राहिली. "आज उजाडला म्हनायचा," एवढेच म्हणाली आणि हंडा सावरून पुढे गेली. मला मास्तर म्हणून उभ्या जन्मात जेवढा मान मिळाला नसेल तेवढा त्या चुकांनी मिळाला. मग काही मी मुद्दाम करू लागलो. पोरीला ते कळत होते, तरी ती हसत होती.

ते थोडे दिवस मात्र खरे मजेचे. वेळापत्रक मोडले. "आता काय करायचं" बंद झाले, कारण काय करायचे ते तीच सांगायला लागली. शाईच्या पात्रात एका डबक्यात मासे अडकले होते, ते बघत आम्ही उन्हे डोक्यावर येईपर्यंत बसलो. आईबद्दलही बोलू लागली. आई करवंदांचे लोणचे कशी घालायची, मावशीच्या घरी मांजर कसे व्याले, मावशी आणि आई एका ताटात कशा जेवायच्या. मी ऐकत होतो आणि मनात काशीताईला द्यायचे उत्तर घोळवत होतो. पोर इथेच राहील. आनंदात आहे. तुम्हीच बघा.

काशीताई आली ती सांगितल्याप्रमाणे, शाई कोरडी असतानाच. गाडी दाराशी सुटली. तिने आल्या आल्या माठ बघितला, चूल बघितली, वेणूचे केस बघितले. ओटीवर पाय सोडून बसली, पदराने वारा घेऊ लागली. मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात वेणू आतून करवंदांचा द्रोण घेऊन आली, एक करवंद चिमटीत धरून मावशीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोंबडा का कोंबडी?"

"कोंबडी," काशीताई म्हणाली. अजिबात विचार न करता.

वेणूने फोडले. लाल.

"बग गो, जिकली मी! मळवटच भरलाय बाईनं!" काशीताई म्हणाली.

वेणू तिच्या मांडीवर रेलली. काही विशेष झाले नाही. ती नुसती रेलली, जशी मुले आपल्या माणसावर रेलतात, आधी न विचारता. काशीताईचा हात आपोआप तिच्या केसांत गेला. तिला शिकवावे लागले नव्हते. ती चुकत नव्हती आणि तिला मुद्दाम चुकावेही लागत नव्हते. ज्या घरात दोघी बहिणींनी लहानपणी करवंदाला कुंकू लावले, तिथला एकेक शब्द या पोरीला आयता मिळणार होता, आणि माझ्यापाशी त्यातला एकच होता, तोही तिच्याकडूनच घेतलेला.

काशीताईने मग हळू आवाजात पावसाचे काढले. "मास्तर, पानी लागलं म्हंजे तुमी शाळंत. पोर दिसभर या कुडात एकटी. आनि हितला ताप काय तो आपून बगितलाय." तिने गळ घातली नाही, डोळ्यांना पदरही लावला नाही. तिला मूल नव्हते, आणि ही पोर तिला किती हवी होती ते तिच्या त्या केसांतल्या हाताकडे बघून कोणालाही कळले असते.

मी म्हणालो, "घेऊन जा."

लोकांना मी पुढे तापाचेच कारण सांगितले. ते खोटे नव्हते. पण केवळ तापासाठी मी पोर दिली नसती. आज कोणी विचारले, चुकले का, तर मला वाटते नाही. बरोबर केलेल्या गोष्टीचाही त्रास होतोच.

गाडी जुंपली तेव्हा वेणूने गोटा, पीस, गुंजा सगळे ओच्यात घेतले. मला म्हणाली, "तुमी नाय येत?"

"शाळा उघडेल ना आता. पुढच्या सुट्टीत येतो."

ती जरा विचारात पडली. "मग तुमाला कोन इचारल?"

"काय विचारेल?"

"कोंबडा का कोंबडी."

गाडीवानाने बैल हाकले. पुढे चार-सहा दिवसांतच शाईला पाणी आले.

तो पावसाळा मी कसा काढला हे सांगण्यासारखे नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी कंदील. घरी आल्यावर मी उंबऱ्यावर थांबायचो आणि आत बघायचो, आणि आपण असे का थांबलो ते लक्षात आले की आत जायचो. एक केले मात्र. लाल ती कोंबडी, लाल ती कोंबडी, असे मनाशी घोकत राहिलो. वेणूसमोर पुन्हा चूक व्हायला नको होती. मुलांना पाढे घोकायला लावणारा मी, स्वतः वर्षभर हा एक पाढा घोकत होतो. पुढच्या वैशाखात करवंदे काळी पडू लागली तेव्हा जीभ पक्की झाली होती. लाल दिसले की कोंबडीच आठवायची. जुन्नरचा तुरा मी विसरलो होतो.

सुट्टी लागली आणि मी घाटाकडे न वळता किन्हवलीच्या वाटेने धसईला गेलो. वेणू अंगणातच होती. उंच झाली होती, वेणीला लाल फीत. मला बघून धावत आली, आणि तशीच आत धावत गेली. "मावशी, बाबा आलं! मावशी, बग, बाबा आलं!" तिला काही सापडले होते आणि ते दाखवायला आत माणूस होते. मी अंगणात उभा होतो. मग ती बाहेर आली ती तांब्या घेऊन. पाय धुवायला पाणी. दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता. काशीताईने चांगले वळण लावले होते. मी पाय धुतले, तिने पंचा पुढे केला.

मग करवंदांचा द्रोण आला. ती माझ्यासमोर ओटीवर बसली, एक टपोरे करवंद चिमटीत धरले आणि विचारले, "कोंबडा का कोंबडी?"

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हे. मी म्हणालो, "कोंबडी."

तिने फोडले. आत लालभडक. मी जिंकलो होतो. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता ती ओरडेल, मावशीला हाक मारील, बाबांना खेळ आला म्हणेल. ती जराशी गोंधळली. त्या फोडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि मोठी माणसे घरी आलेल्या पाहुण्याची चूक जशी अलगद सांगतात, तशी अलगद म्हणाली,

"हरलाव, बाबा. तुमच्यात लाल तो कोंबडा ना?"

तिने माझा नियम सांभाळून ठेवला होता. मी येणार म्हणून, खास माझ्यासाठी. तांब्या जसा धरला होता तसाच, दोन्ही हातांनी, न सांडता. मी तिचा शिकून आलो होतो, हे मी तिला सांगितले नाही. पोरीने एवढे लक्षात ठेवलेले, ते खोटे कसे पाडायचे?

"हो गो," मी म्हणालो. "हरलो. आमच्यात लाल तो कोंबडा."

आमच्यात म्हणजे, डोळखांबच्या त्या दोन खोल्यांत, मी एकटाच होतो.